बोथट विळ्यांचं वर्ष

आमच्या गणिताच्या बाईंकडून वर्गणी काढू शकेल असा माणूस भंडारा जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. गणपतीची असो, शारदेची असो, दिवाळीनंतरच्या मंडईतल्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, नाटकाची असो, पावतीपुस्तक दिसलं की बाईंच्या कपाळावर आठ्या पडतात आणि त्या शांतपणे विचारतात, "मंडप किती बाय किती?" मंडळाची पोरं बिचारी सांगतात. "उंची?" तीही सांगतात. "मंग कापड किती लागन? कनातीचं धरून सांगा. हा घ्या कागद." ही पोरं बहुतेक बाईंच्याच हाताखाली दहावीच्या गणितात गटांगळ्या खाल्लेली असतात. कागद घेऊन जी जातात ती पुन्हा फिरकत नाहीत. एका वर्षी एक जण खरंच उत्तर घेऊन आला, तर बाईंनी ते उभ्या उभ्या तपासलं, दहापैकी सात गुण दिले आणि दार लावून घेतलं.

मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवतो. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मागे गावतलाव आणि बाकी तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, अशी आमची शाळा आहे. त्या बांध्यांपैकी चार माझ्या. शेती सांभाळून मी शिकवतो, म्हणजे दोन्ही कामं अर्धवट करतो, असं बाईंचं मत आहे आणि ते त्यांनी मला स्टाफरूममध्ये सर्वांदेखत सांगितलेलं आहे. त्या स्वतः तुमसरहून एसटीने येतात. साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला थर्मास. स्टॉपपासून शाळेपर्यंत कोणी गाडी थांबवून "बसा मॅडम" म्हणालं तर "मले पाय हायेत" एवढं उत्तर मिळतं. कोणाचा चहा पीत नाहीत. लग्नाला जातात, अक्षता टाकतात, मांडवाच्या कडेला उभं राहून थर्मासमधला स्वतःचा चहा पितात आणि न जेवता निघतात. आहेर द्यायचा नाही आणि जेवायचंही नाही, असा चोख व्यवहार. आम्ही फळ्याखाली टाकून दिलेले खडूचे तुकडे त्या जमवतात, जुन्या पेनच्या टोपणात खोचतात आणि नखाएवढ्या खडूने अख्खं प्रमेय सिद्ध करतात. त्यांनी नवा खडू मागितल्याचं आमच्या शिपायाला आठवत नाही. मुलांशी खूश असल्या की "काय बे" म्हणतात. संतापल्या की "आपण" वर येतात. "आपण गृहपाठ केला नाही काय?" हे वाक्य ऐकून आठवीतला एक धट्टाकट्टा मुलगा रडल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर अशा बाईंच्या वर्गातली, नववीतली प्रणाली आजारी पडली. आधी साधा ताप म्हणून गावात औषध झालं, मग तुमसर, मग भंडारा, आणि शेवटी नागपूरला कळलं की ब्लड कॅन्सर आहे. तिचा बाप मिस्त्रीकाम करतो, आई रोजीला जाते. दवाखान्याचा मोठा खर्च सरकारी योजनेत बसला, पण नागपुरातली खोली, जाणंयेणं, बाहेरून आणायची औषधं, दोघांच्या बुडालेल्या रोज्या, हे कोणत्याच योजनेत बसत नाही. उपचारांची पहिली फेरी संपली, पोर घरी आली, आणि बापाने सांगून टाकलं, आता पुन्हा नेणार नाही. डॉक्टर म्हणत होते, फेऱ्या पुऱ्या केल्या तर पोर वाचू शकते. मध्येच सोडलं तर नाही. हे वर्गातल्या सगळ्या मुलांना ठाऊक होतं. आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं, कारण त्यांनी मोबाईलवर सगळं वाचून काढलं होतं.

मुलांनी मिठाईच्या डब्याला रंगीत कागद लावला, वर प्रणालीचा फोटो चिकटवला आणि लिहिलं, "ब्लड कॅन्सरविरुद्ध लढा, आपला हात द्या". मजकूर तपासायला माझ्याकडे आणला होता. मी शुद्धलेखन पाहिलं, अर्थ पाहिला नाही. पोरं गावात शिरली आणि तासाभरात निम्म्या गावाची दारं बंद झाली. शाळेची पोरं ब्लड काढायला आली आहेत, हात पुढे करायला लावतात, अशी बातमी त्यांच्या पुढे धावत होती. एका म्हाताऱ्या आजोबांनी मात्र बाही वर केली आणि खाटेवर आडवे झाले. "काढा बापू. पन मले शुगर हाय, गोड निंगन रगत," ते म्हणाले. मुलं त्यांना समजावत बसली असतानाच प्रणालीचा बाप तिथे आला. त्याने डब्यावरचा फोटो नखाने सोडवला, खिशात घातला आणि मुलांना एवढंच म्हणाला, "माह्या पोरीच्या नावानं भीक नोका मागू." डबा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मुलं माना खाली घालून बसली होती. बाईंनी फळा पुसला आणि म्हणाल्या, "बरोबर बोलला तिचा बाप. मागाचं कायले? सरवा वेचा." धानाची कापणी झाली, मालकाने पेंढ्या उचलून नेल्या, की बांधीत ज्या लोंब्या गळून पडलेल्या असतात तो सरवा. आमच्याकडे रीतच आहे, मालकाचा पाय बांधीबाहेर पडला की सरवा जो वाकेल त्याचा. तो दान नाही आणि चोरीही नाही. पण तो वेचतात गावातल्या अगदी गरीब, एकट्यादुकट्या बाया. स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर असलेल्या पोरांनी दुसऱ्याच्या बांधीत सरवा वेचायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. एकाने धीर करून विचारलंच, "मॅडम, लोक काय म्हणतीन?" बाई म्हणाल्या, "माही दहावीची फी सरव्यातून भरली होती. लोक काय म्हणले ते मले आठवत नाही. आपल्याले आठवत असन तर सांगा." आपण हा शब्द येताच विषय संपला.

त्या दिवसापासून शाळा सुटली की चाळीस मुलं आणि पुढे कॅनव्हासचे बूट चिखलात रुतवत बाई, अशी वरात बांध्याबांध्यांतून फिरू लागली. बाईंनी नियम केले होते. जिथे हार्वेस्टर फिरला तिथे जायचं नाही, वेळ फुकट जातो. नेहमी वेचणाऱ्या बाया पहिल्यांदा वेचतील. त्या उठल्याशिवाय एकाही पोराने बांधीत पाय टाकायचा नाही. तोवर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून पाढे म्हणायचे. चार दिवसांत गावातल्या त्या बायांनासुद्धा एकोणतीसचा पाढा पाठ झाला. माझ्या बांधीतही ते आले. मी पाणी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आनलं हाय." चाळीस मुलांचं पाणी काही त्यांनी आणलं नव्हतं, मुलांनी आपापलं आणलं होतं. पण माझ्याकडचं त्यांना नको होतं, एवढं खरं.

आठवडाभरात मात्र बाई अस्वस्थ झाल्या. एका बांधीत साधारण किती सरवा पडावा याचा त्यांच्या डोक्यात हिशेब होता आणि प्रत्यक्षात पडत होता तिप्पट. कुठे कुठे तर लोंब्या नव्हे, बांधलेल्या अख्ख्या पेंढ्याच धुऱ्याच्या आडोशाला राहून गेलेल्या असत. बाईंनी तलावाखालच्या बांधीच्या मालकाला, आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या काकांना, रस्त्यातच धरलं. मी तिथे होतो. "असं कापतेत काय जी धान? मजूर बदला. अर्धं पीक वावरात सोडून राहिले तुमी." काका जमिनीकडे बघत म्हणाले, "काय करता बाई, यंदा विळेच बोथट हायेत." बाईंनी त्यांना धार कुठे लावून मिळते तो पत्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतकऱ्याला धरलं. त्याचेही विळे बोथट निघाले. त्या वर्षी आमच्या गावात धार असलेला विळा औषधालासुद्धा नव्हता. माझ्या मजुरांना मी काय सांगितलं होतं ते इथे लिहीत नाही. बाईंना हे कळलं होतं की नाही, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही, आणि विचारायची माझी छातीही नाही.

शाळेच्या पटांगणात ताडपत्री अंथरून मुलांनी धान झोडपलं, शिपायाच्या बायकोने सुपाने पाखडून दिलं आणि पोती राईस मिलवर गेली. पैसे घेऊन बाई आणि मी प्रणालीच्या घरी गेलो. प्रणाली भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. बापाने पाकिटाकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "गुरुजी, मी सांगतलं होतं." तेवढ्यात चुलीजवळून तिची आई उठून आली. तिने विचारलं, "सरवा हाय ना जी हा? पोरायनं वेचलेला?" बाई म्हणाल्या, "हो." "मंग आना इकडे," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "म्या जलमभर सरवा वेचला. सरव्यात कोनाची मेहरबानी नसते." बाप पोरीजवळ जाऊन बसला. मग त्याने पोरीला विचारलं, "जाशीन का वो नागपूरले?" प्रणालीने मान हलवली. बाईंनी थर्मास खांद्याला लावला. "सोमवारची बस सव्वासहाले हाय," त्या म्हणाल्या आणि चहा न घेता बाहेर पडल्या.

फेऱ्या पुऱ्या झाल्या. पुढच्या वर्षी, म्हणजे यंदा, प्रणाली दहावीत येऊन बसली. केस बोटभर वाढले होते, तोंडाला मास्क होता. महिन्याला ती तपासणीला जाई आणि परत आली की बाई वर्गात शिरता शिरता फक्त "किती?" विचारत. ती पेशींचा आकडा सांगे. बाई "ठीक हाय" म्हणत आणि शिकवायला लागत. कशी आहेस, बरं वाटतं का, असलं काही नाही. मला आधी ते कोरडं वाटायचं. मग लक्षात आलं, की आकडा ऐकेपर्यंत बाईंनी हजेरीपट उघडलेला नसतो.

गेल्या आठवड्यात, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, प्रणालीच्या बापाचा मला नागपूरहून फोन आला. आजार उलटला होता. डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून, आणि लगेच, सुरू करायला सांगितलं होतं. मी वर्गाच्या दाराशी जाऊन बाईंना हळूच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फळ्याकडे वळल्या. मी व्हरांड्यातच थांबलो. एक समीकरण सोडवत होत्या. उणेला उणेने गुणलं आणि उत्तर उणे लिहिलं, आणि तेच धरून शेवटपर्यंत गेल्या. एरवी बाईंची चूक काढायला जीव टाकणारी पोरं ती. सगळ्यांनी पाहिलं. एकानेही हात वर केला नाही. चाळीसच्या चाळीस जणांनी ते चुकलेलं उत्तर मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं.

तास संपल्यावर बाई बाहेर आल्या. समोर बांध्यांमध्ये धान हिरवंगार उभं होतं, अजून लोंबी बाहेर पडायची होती. त्या व्हरांड्याच्या कडेपर्यंत गेल्या.

"सर, गावात हलका धान कोनाचा हाय?" त्यांनी विचारलं. हलका म्हणजे लवकर कापणीला येणारा.

"माझ्या दोन बांध्या आहेत," मी म्हणालो. "दसऱ्यापर्यंत येईल कापायला."

बाईंनी बोटांवर आठवडे मोजले. मग पुन्हा एकदा मोजले.

"दसरा बहुत दूर हाय जी," त्या म्हणाल्या.