ब्रेकबाईंनी सोडलं नाही

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून त्या आपल्या पायाखालचा जादा ब्रेक असा दाबत, की त्याचं नाक काचेवर आपटायचंच बाकी राही. नवरा गेल्यावर याच धंद्यावर त्यांनी घर चालवलं, धाकट्या बहिणीला शिकवलं, आणि कुणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही.

एकदा शिकवता शिकवताच सिग्नलपाशी त्यांची शुद्ध हरपली. हृदयाचे ठोके फार मंद पडत होते. हृदयाच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला, त्याची तार शिरेतून हृदयात सोडली आणि त्यांना घरी पाठवलं.

थोड्याच दिवसांत उचक्या सुरू झाल्या. साध्यासुध्या नव्हेत, घड्याळासारख्या एका लयीत. मोठा श्वास घेतला की छातीत टोचायचं. बहीण त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी फाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

"कोणीतरी आठवण काढतंय, मावशी," ते हसत म्हणाले. शेजारचा सहायकही हसला. "गॅसची गोळी देतो."

बाईंनी ती गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी ओट्यापाशीच कोसळल्या.

बहिणीने या वेळी दुसरं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लगेच सोनोग्राफीचं यंत्र छातीवर फिरवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. तारेचं टोक हृदयाच्या भिंतीतून आरपार गेलं होतं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचत होतं. ते काढलं, तार मागे घेऊन दुसऱ्या जागी बसवली. बाई वाचल्या.

"त्या डॉक्टरचा हात चुकला का?" शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं.

"तसं नाही म्हणता येणार. भिंत पातळ असते. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही क्वचित होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण उचक्या, टोचणं, ही तार बाहेर आल्याची लक्षणं होती. तेव्हाच बघायला हवं होतं."

बाई बहिणीला म्हणाल्या, "भोक पडलं ते सोडलं. हसला ते सोडणार नाही."

"तक्रार करूया का?"

"तक्रार त्याचा वकील वाचेल. मला तो हवाय."

हिंडाफिरायला लागल्यावर त्या सोमवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. मग दर सोमवारी. पेसमेकर बसवलेलं कुणी दिसलं, की शेजारी सरकून आपली सगळी हकीकत सांगायच्या, आवाज जराही खाली न आणता. "उचकी लागली, टोचलं, चक्कर आली, तर गॅस म्हणून घरी जाऊ नका. आत बघायला लावा."

काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडेच गाडी शिकलेली. ती काकुळतीला आली. "बाई, माझी नोकरी जाईल हो."

"तू उठवलंस म्हणून सांग. मी उठले नाही, तेही सांग."

एका सोमवारी पेसमेकर बसवलेले एक आजोबा छाती धरून बसले होते. श्वास घेतला की टोचतं, म्हणाले. बाईंनी दवाखाना डोक्यावर घेतला. लोक जमले. डॉक्टरांना आजोबांना सगळ्यांच्या आधी आत घ्यावं लागलं, छातीचा फोटो काढावा लागला, यंत्र फिरवावं लागलं.

मग ते स्वतः बाहेर आले. "झालं समाधान? काही निघालं नाही. नातवाला उचलताना स्नायू दुखावलाय."

"बघितल्यावर कळलं ना?" बाई गोड आवाजात म्हणाल्या. "माझ्या वेळी तुम्हाला न बघताच कळलं होतं."

डॉक्टरांचे कान लालबुंद झाले. बाईंनी ते डोळे भरून पाहिले.

त्यानंतर तिथे येणारा जो तो "आत बघा" म्हणू लागला. काही जण थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. शेवटी डॉक्टरांनी बाईंना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तपासायला हवं होतं. हसायला नको होतं."

"बरं."

"मग आता येणं थांबवाल?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर गाडीत बहीण थांबली होती. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "अगं ताई, माफी मागितली ना त्याने?"

"मागितली. फार बरं वाटलं," पट्टा लावत बाई म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी जरा लवकर निघू. उशीर झाला की पुढची खुर्ची मिळत नाही."