आईचं वर्ष

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुंबईतल्या आमच्या कचेरीत संगणक आला आणि त्याच्याकडून काम करून घ्यायला मला त्याची एसक्यूएल नावाची भाषा शिकावी लागली. गोदामातल्या मालाची मुदत काढायची असे. तारखेपुढे अधिकची खूण करून दिवस लिहायचे. महिने वाढवायचे तर आज्ञा वेगळी. मधे फेब्रुवारी आला तरी यंत्र अडखळत नसे. मला बाई त्याचं फार कौतुक!

त्याच साली माघात बाबा गेले, वाडीत पानवेलींना पाणी लावता लावता. माझं लग्न ठरलेलं होतं. आमच्याकडे रीत अशी की घरातलं माणूस गेलं तर वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. नवरामुलगा बोटीवर नोकरीला. तीन वर्षं आम्ही थांबणार नाही, असं त्याच्या घरच्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

तो बोटीवर चढला त्या तारखेत मी काँट्रॅक्टचे महिने मिळवले, बाबांच्या तारखेत बारा. तो आल्यावर आठवडाभर हाती उरत होता. संध्याकाळची गाडी पकडून धावत वाडीवर घरी येऊन आईला सांगितलं. बाबा गेल्यापासून तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तेव्हाही नुसतं "बरं झालं बाय" म्हणाली आणि मांडववाल्याला निरोप धाडला.

बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, पंचांग घेऊनच आली. "वर्ष तिथीनं धरतात गं! तुझ्या त्या मशीनला तिथी कळते का?"

तिथीचं वर्ष दहा-अकरा दिवस आधीच भरत होतं, आणि नवरदेव तेव्हा समुद्रात! माझं गणित बरोबर आणि लग्न मोडायची पाळी. मी त्या यंत्रालाच शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आई केळीची पानं पुसत राहिली.

तिथीला वर्षश्राद्ध झालं. कुंपणापाशी पान ठेवलं, कावळा शिवला. भटजी गेले तशी आत्या म्हणाली, "झालं वर्ष. आता तीन वर्षं लग्नाचं नाव काढू नका."

"वन्सं," आई म्हणाली, "त्यांचं वर्ष झालं. माझं नाही झालं. ते गेले ती तारीख माझ्या ध्यानात आहे, ती अजून यायची आहे. तोवर मी पोरीला उजवणार."

"जळलं मेलं," म्हणत आत्या उठली. पण लग्नाला आली, आणि तोंड फुगवून का होईना, मला हळद तिनेच लावली.

ती तारीख आली तेव्हा मी सासरी होते. संध्याकाळी माहेरची शेजारीण भेटायला आली. म्हणाली, आई सकाळपासून पानवेलींपाशी बसून मोठमोठ्याने रडतेय. बायका समजूत घालायला गेल्या, तर आत्याने सगळ्यांना माघारी हाकललं.

"रडू द्या तिला," आत्या म्हणाली होती. "आज वर्ष झालंय."