देवधर सरांचे आठ

आमच्या ब्लॉगवर एकूण किती गेम्सचे रिव्ह्यू झाले, ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण कुठल्या गेमच्या मार्कांवरून कोण कोणाशी किती दिवस बोलत नव्हतं, ते विचारा! सगळं तोंडपाठ आहे. भांडताना कोणी लिहून ठेवत नाही हो, पण ते आपोआप साठत जातं. मग एखाद्या दिवशी चहा पिताना एक किस्सा निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि चहा गार होतो.

नवीन पनवेलला माझं झेरॉक्सचं दुकान आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास. दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. दुपारी क्लास रिकामा असायचा, तेव्हा आम्ही गेम खेळायचो आणि त्यावर ब्लॉग लिहायचो. टायपिंग माझं. मार्क द्यायचे तिघांनी: देवधर सर, मंदार आणि जगा. सरासरी सर काढायचे, दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यामुळे आमच्याकडे सरळ सात किंवा सरळ आठ मिळालेला गेम क्वचितच. एक तर ६.६७, नाहीतर ७.३३!

लोक म्हणायचे, "तुमच्या मार्कांवाचून कोणाचं काय अडलंय?" खरंच कोणाचं काही अडत नव्हतं. एकदाच अडलं, ते आमच्या जगाचं, आणि तेही नोकरीचं. ते शेवटी सांगतो.

*

देवधर सर गणिताचे. शाळेतून रिटायर झालेले, घरी शिकवण्या. त्यांचा मुलगा इंजिनियरिंगला बाहेरगावी गेला आणि कॉम्प्युटर घरीच राहिला. सरांनी तो उघडला. का, तर "चिरंजीव बारावीत कशात वेळ घालवत होते" ते बघायला. आठ दिवसांनी एका गेमची सीडी घेऊन माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "अविनाश, याचा दुसरा भाग मिळेल का?"

मी डोक्याला हात लावला. पण माणूस कडक. दहापैकी साडेसातच्या वर कधी गेला नाही. मंदारने एकदा विचारलं, "सर, आठ कशाला द्याल?"

"आठ म्हणजे मी त्याच्यासाठी कोणाकडेही शब्द टाकायला तयार आहे," सर म्हणाले. "अजून तसं कोणी भेटलं नाही."

त्यांनी एका कार रेसिंगच्या गेमला चार दिले होते. शेरा असा: "पहिलाच प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा." मंदारचा तो लाडका गेम! त्याने दुकानातला कोरा कागद घेऊन रीतसर पुनर्तपासणीचा अर्ज लिहिला. सरांनी तो वाचला, गेम पुन्हा लावला आणि तासाभराने अर्धा मार्क वाढवला. मंदार खूश. "सर, काय आवडलं?"

"ब्रेक कुठलं बटण ते आज सापडलं."

*

मंदार खारघरला एका कंपनीत नोकरीला होता. स्वभावाने गोड, कोणाला नाही म्हणता येत नाही. गेमलाही नाही. सगळ्यांना नऊ! "बिचाऱ्यांनी एवढी मेहनत केलीय," हे त्याचं कारण. सर म्हणायचे, "मेहनतीचे मार्क द्यायचे तर माझा अख्खा क्लास बोर्डात येईल."

एकदा शनिवारी मी त्याला एका नव्या गेमची सीडी दिली. लेबल नव्हतं. सोमवारी बघतो तर गेमची सीडी माझ्याच ड्रॉवरमध्ये! त्याला मी चुकून माझ्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची सीडी दिली होती.

संध्याकाळी मंदार आला. मी नुसतं विचारलं, "कसा वाटला?"

"नऊ!" मंदार म्हणाला. "सुरुवात जरा संथ आहे."

*

आता जगा. जगदीश. उरणजवळ खाडीकाठी घर, पिढीजात मासेमारी. हा मात्र द्रोणागिरीला एका वखारीत कामाला होता, कंटेनरमधून उतरलेल्या मालाची नोंद करायला. दुकानात पहिल्यांदा आला तो मार्कशीटची झेरॉक्स काढायला. मागे स्क्रीनवर आमचं चाच्यांचं गलबत चाललं होतं, समुद्र निळाशार, मंदार नऊ देऊन मोकळा झालेला. जगा दारातूनच बघत राहिला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बोट बरी हाय. पानी खोटं हाय," जगा म्हणाला. "वारा मागून येतोय नि लाटा समोरून. असं कुठं असतंय काय?"

सरांना असा परीक्षक जन्मात भेटला नव्हता. त्यांनी त्याला तिथेच बसवून घेतलं. पुढे जगाने पाण्यावरून भल्याभल्यांचे मार्क कापले. लढाईच्या गेममध्ये सगळे बंदुका बघायचे, हा डबकी बघायचा. फुटबॉलच्या गेमला त्याने तीन दिले, कारण "येवढा पाऊस पडतोय नि मैदानात पानी साचत नाय."

मग एक वाळवंटातला गेम आला. अगदी टुकार! सरांचे दोन. मंदारसुद्धा आठावर उतरला, म्हणजे बघा. जगाने मात्र थंडपणे दहा दिले.

सर खुर्चीतून उठले. "जगदीश! दहा? कशाबद्दल?"

"सर, पानीच नाय. चुकनार काय?"

सर चार दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत.

*

आमचे वाचक म्हणजे तीसेक पोरं. त्यातला एक खारघरच्या इंजिनियरिंग कॉलेजमधून थेट दुकानात आला. तापलेला! त्याच्या आवडत्या गेमला आम्ही ६.६७ दिले होते.

"बाकीचे ३.३३ कुठे गेले ते मला सांगा," म्हणाला. "त्याशिवाय जाणार नाही."

मी सरांकडे बोट दाखवलं आणि झेरॉक्सला लागलो. सरांनी त्याला शेजारी बसवलं, कागद घेतला. सरासरी समजावली, मग मार्कांना वजन कसं द्यायचं ते, मग आणखी काय काय. मध्ये दोनदा चहा झाला. पोरगा आधी हुज्जत घालत होता, मग नुसता मान डोलवायला लागला. जाताना सरांच्या पाया पडला.

मी विचारलं, "पटलं का त्याला?"

"गेमचं नाही पटलं," सर म्हणाले. "पण एम-थ्रीच्या गणिताच्या शिकवणीला येतोय मंगळवारपासून."

*

या सगळ्याला कंटाळून मी एकदा फतवा काढला: महिनाभर मार्क बंद! नुसते शब्द लिहायचे. मी मोठ्या हौसेने लांबलचक रिव्ह्यू लिहिले. खाली प्रतिक्रिया यायच्या, "छान लिहिलंय. पण किती?" पंधरा दिवसांत माझा धीर सुटला.

तरी मी फतवा मागे घेतला तो घरच्या प्रकारामुळे. बायकोने पहिल्यांदाच फणसाची बिर्याणी केली होती. "कशी झालीय?" मी म्हटलं, "छान." "छान म्हणजे?" मी म्हटलं, "दहापैकी नऊ."

तिने वाढता वाढता हात थांबवला. "मंदारचे नऊ की सरांचे नऊ?"

*

तर जगाचं. तो सुट्टीच्या दिवशी क्लासमध्ये येऊन बसायला लागला होता. आधी मला वाटलं खेळायला येतो. मग एक दिवस म्हणाला, "अवीदादा, पानी कसं बनवतात ते शिकवशील?" मला जेवढं येत होतं तेवढं दोन महिन्यांत संपलं. पुढचं त्याने नेटवर बघून स्वतः केलं. अडीच वर्षं! आणि एके दिवशी पेनड्राइव्ह आणून टेबलावर ठेवला.

त्याने गेम बनवला होता. खाडीच्या धक्क्यावर एक होडी, डोलकाठीला लाल बावटा. दोर सोडायचा, खाडीच्या तोंडातून बाहेर जायचं, जाळं टाकायचं, परत यायचं. बस्स. दर वेळी गेम उघडला की वारा वेगळा, भरती-ओहोटी वेगळी.

मंदार म्हणाला, "स्कोअर कुठे दिसतो रे?"

"मासली दिसते ना," जगा म्हणाला.

मग त्याने खरं सांगितलं. पुण्याच्या एका लहानशा कंपनीने हा गेम बघून त्याला बोलावलं होतं. इकडे वखारीतली नोकरी नुकतीच कायम झालेली. घरी वडिलांचं एकच: "बटनं दाबून कुनाचं घर चाललंय?" गुडघे गेल्यामुळे ते दोन वर्षं होडीवर गेले नव्हते, आणि घर जगावरच होतं.

"माजं ठरलंय," जगा म्हणाला. "सरांनी आठ दिले तर जातो. नाय तर आपली वखार बरी."

आम्ही सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा उतरला होता.

आठवडाभर सर रोज तो गेम खेळले. आम्हीही खेळलो. प्रॉब्लेम एकच: होडी उलटायची! मंदारची उलटली, माझी उलटली, सरांची तर दोर सोडल्यावर मिनिटभरात. मध्येच एखाद्या दिवशी सुखरूप जायची, का ते कळायचं नाही. सर वहीत टिपत होते. रविवारी सकाळी आकडा वाचला: साडेसात. "अर्धा मार्क होडी उलटण्याचा कापलाय. सुरुवातीलाच बुडवणं हा खेळणाऱ्यावर अन्याय आहे."

जगा हसला. तसलं हसू मला बघवेना. पेनड्राइव्ह काढायला लागला.

मंदार भडकला. मंदार! "सर, अर्ध्या मार्काने काय होतंय? द्या ना आठ! मी नऊ दिलेत."

"तुझ्या नऊवर कोणी नोकरी सोडत नाही, मंदार," सर म्हणाले. "हा माझ्या आठवर सोडणार आहे. माझं चुकलं तर त्याच्या घरी मी काय तोंड दाखवू?"

मग वही पुन्हा चाळून सर म्हणाले, "पाण्याचे मार्क मी धरलेलेच नाहीत. मला साधं पोहता येत नाही. प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक लागतो, जगदीश. तुझे वडील घरी आहेत ना?"

दुपारच्या एसटीने आम्ही चौघं उरणला गेलो, मंदारचा लॅपटॉप घेऊन. जगाच्या आईने आम्हाला तळलेले बोंबील दिले आणि सरांसाठी बिस्किटांचा पुडा फोडला. दाराबाहेर होडी पालथी घातलेली. वडील आरामात खाटेवर बसले होते. लॅपटॉप समोर ठेवला तेव्हा म्हणाले, "मला काय कलतंय यातलं?" तरी चष्मा लावला.

जगाने गेम उघडला. "बाबा, ह्या बटनानं दोर सुटतो. ह्यानं होडी फुडं जाते."

वडिलांनी बटण दाबलं नाही. नुसते वाकून बघत बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मंदारची चुळबुळ सुरू झाली, त्याला मी डोळ्यांनी दटावलं. सर वही उघडून, पेन हातात घेऊन बसले होते. जगाचं लक्ष स्क्रीनवर नव्हतंच, तो बापाच्या तोंडाकडे बघत होता.

वडिलांनी बोटाने स्क्रीनवरचा बावटा दाखवला. मग त्याखालचं पाणी दाखवलं. मग चष्मा काढून पुसला, परत लावला.

"दोर सुटला तर बांदायचा कुठल्या बटनानं?"

"बांदलेलाच हाय, बाबा. अजून तुमी सोडला नाय."

"मग ऱ्हाऊ दे बांदलेला," वडील म्हणाले. "आज नाय जायाचं. वारा आडवा हाय, नि पानी उतराय लागलंय. यात होडी घालंल तो येडाच." आणि लॅपटॉप जगाकडे सरकवून उठले. "उद्या बगू. मास्तर, च्या घेनार ना?"

सरांनी च्या घेतला. वही मिटून पिशवीत ठेवली. जगा तोंड धुवायला म्हणून मागच्या दारी गेला तो बराच वेळ आला नाही.

संध्याकाळी तो आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आला. आकड्याचं कोणी काढलं नाही. जगाचीही विचारायची छाती होईना. एसटी लागली. मंदार चढला, मी चढलो. सर एक पाय पायरीवर ठेवून मागे वळले.

"जगदीश, वखारीत नोटीस किती दिवसांची द्यावी लागते रे?"