देवस्थळ्यांची टिटवी

जयंतराव देवस्थळींनी सहा-सात वर्षं खपून बांधलेलं विमान पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनावर धावायला निघालं. सुरतेजवळच्या मगदल्ल्याच्या रिकाम्या धावपट्टीवर ते थोडं सरळ गेलं, जरासं वाकडं झालं, आणि मग गर्रकन गिरकी घेऊन, जिकडून आलं तिकडेच तोंड करून गवतात उभं राहिलं.

मृणालबाई जीपमधून उतरून चालत तिथवर गेल्या. त्यांना हसू येत होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं.

"ब्रेक अडकला वाटतं," जयंतराव वरची काच सरकवत म्हणाले.

"ब्रेक नाही अडकला. तुम्ही डावा पाय सोडायला विसरलात."

"तुला जीपमधून माझा पाय दिसला?"

"पाय नाही दिसला. शेपूट दिसलं."

जयंतराव उधन्याच्या एका गिरणीत इंजिनिअर होते. नकाशे त्यांनी टपालाने परदेशातून मागवले होते, आणि इंजिन मिळालं ते शेतांवर औषध फवारणाऱ्या एका मोडीत निघालेल्या विमानाचं. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, शेजारी-शेजारी दोन बैठका. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटाखाली एक लहानसं. सगळं बांधकाम झालं पलसाण्याला, त्यांचे मित्र मगनभाई यांच्या कापड रंगवायच्या डाइंग हाऊसमागच्या शेडमध्ये. त्यामुळे उजव्या पंखाच्या टोकाला गुलाबी शिंतोडे कायमचे बसले होते. टिटवी हे नाव मगनभाईंनीच ठेवलेलं. जमिनीवर उंच पायांनी तुरुतुरु धावणारं आणि नाक वर करून बघणारं दुसरं काय असतं, असं त्यांचं म्हणणं.

या नाक वर करण्यातच सगळी गोम होती. शेपटाखाली चाक असलेलं विमान जमिनीवर असतं तेव्हा समोरचं काही दिसत नाही, दिसतं ते इंजिनाचं झाकण आणि आभाळ. शिवाय त्याचं वजन मोठ्या चाकांच्या मागे असतं. लोटगाडी उलटी ढकलत न्यावी तसा प्रकार. जरा दुर्लक्ष झालं की मागचं पुढे येऊ बघतं, आणि पायाखालच्या पेडलांनी शेपूट हलवून ते सतत सावरावं लागतं. जयंतराव शिकले होते बडोद्याच्या फ्लाइंग क्लबात, पुढे चाक असलेल्या गरीब स्वभावाच्या विमानावर. मृणालबाईंची गोष्ट वेगळी होती.

त्या नागपूरच्या. कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई शाखेत गेल्या आणि तिथून सोनेगावच्या क्लबात पुष्पक विमानावर उडायला शिकल्या. पुष्पकलाही शेपटाखालीच चाक. तिथले त्यांचे गुरुजी काही समजावून सांगत नसत. गुडघ्यावर पट्टी मारून नुसतं "पाय, पाय" म्हणत. पुढे लग्न झालं, सुरत आली, लिंबायतच्या मराठी शाळेत गणिताची नोकरी लागली. उडणं राहून गेलं. त्याचं त्यांना फार दुःख होतं अशातला भाग नाही. वर्गातल्या मुलांना त्या मधूनच वाऱ्याचं गणित घालत आणि मुलं बिचारी ते नावेचं समजून सोडवत. विमान पुरं होत आलं तेव्हा जयंतरावांसोबत त्यांनीही बडोद्याला जाऊन आपला परवाना पुन्हा चालू करून घेतला होता, तो आपला सोबत म्हणून. पहिलं उड्डाण जयंतरावांचंच असणार हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

गिरकीनंतर आणखी दोन रविवार जयंतरावांनी धावून बघितलं. एकदा पंखाचं टोक घासलं. दुसऱ्यांदा मगनभाईंना उडी मारून बाजूला व्हावं लागलं. त्या रात्री जेवताना आमटी वाढून घेत जयंतराव म्हणाले, "पहिलं उड्डाण तू कर."

"अहो, विमान तुमचं आहे."

"म्हणून तर म्हणतोय. मला ते धड परत हवंय."

जानेवारीतल्या सकाळी, वारा पडलेला असताना, मृणालबाईंनी साडीऐवजी लेकीचा सलवार-कमीज घातला, केस घट्ट बांधले आणि टिटवीत बसल्या. नागमोडी वळणं घेत, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने पुढचं बघत त्या धावपट्टीच्या टोकाला आल्या. त्यांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि पाय आपोआप हलू लागले. डावा, उजवा, पुन्हा उजवा. पंचवीस वर्षांपूर्वीची पट्टी गुडघ्याला जाणवली. मग शेपूट हलकं होऊन उचललं गेलं, इंजिनाचं नाक खाली झुकलं, आणि पडदा बाजूला व्हावा तशी सगळी धावपट्टी समोर उघडली. त्या क्षणी त्यांना इतका आनंद झाला की चाकं कधी सुटली ते कळलंच नाही.

पुष्पक म्हणजे सावकाश चालणारी एसटी होती. हे प्रकरण निराळं. हात नुसता जड केला तरी टिटवी वळत होती. तापीचं मुख, हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, डुमसचा काळा किनारा, सगळं एकामागून एक पंखाखाली येऊन निघूनही जात होतं. काट्याने ताशी अडीचशेची खूण ओलांडली आणि आणखी पुढे जायची त्याची तयारी दिसली. मृणालबाईंनी विमान डाव्या पंखावर उभं करून एक गोल फेरी मारली. मग, कोणी बघत नाही असं वाटून, उजव्या पंखावर दुसरी.

उतरताना मात्र हसू थांबवावं लागलं. शेपटाच्या चाकाचं विमान टेकवायचं म्हणजे जमिनीपासून हातभर वर आल्यावर त्याला खाली बसू द्यायचं नाही. बसू नको, बसू नको असं म्हणत राहायचं. मग ते दमून एकदम तिन्ही चाकांवर बसतं. टिटवी बसली. थांबेपर्यंत मृणालबाईंचे पाय हलत होते, आणि थांबल्यावरही थोडे हलत राहिले.

मगनभाई पेढे घेऊन धावत आले. जयंतराव मात्र आधी इंजिनाभोवती फिरले, तेल कुठे गळतंय का बघितलं, आणि मग बायकोजवळ येऊन म्हणाले, "कसं आहे?"

"काय सांगू. तुम्ही स्वतःच बघा."

पुढचे कित्येक रविवार त्या नवऱ्याला शिकवत होत्या. घरी त्या कायम अहो-जाहो करीत. विमानात ते टिकेना. "अरे, उजवा पाय. उजवा. झोपलास का?" असं दणकून बोलत, आणि उतरल्यावर "अहो, चहा घेता ना?" म्हणून थर्मास उघडत. जयंतरावांना पहिल्याचा राग कधी आला नाही. उन्हाळा लागायच्या आत ते एकट्याने उडून, सरळ रेषेत उतरून आले. त्या रात्री त्यांनी मुंबईला लेकीला फोन लावून अर्धा तास एकाच लँडिंगचं वर्णन केलं.

टिटवीला आणखी एका बाईचा हात लागलेला होता. सुंदराबाई लिंबायतला राहत, घरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावायचं काम करीत. त्यांची मुलगी उज्ज्वला मृणालबाईंच्या वर्गात होती. पंखाचं कापड आतल्या फळ्यांना दोऱ्याने बांधायचं असतं, बोटाबोटावर गाठ मारून. ते काम सुंदराबाईंनी दिवाळीच्या सुट्टीत मृणालबाईंच्या जोडीला बसून केलं होतं. कापड परदेशातून आलंय हे ऐकून त्या चकित झाल्या होत्या. सुरतेत बाहेरून कापड आणायचं म्हणजे कमाल झाली, असं त्या सगळ्या गल्लीत सांगत फिरल्या.

पावसाळा उलटल्यावर सुंदराबाईंच्या भावाने, किसनने, शिंदखेड्याजवळच्या गावी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. मृणालबाई सहज म्हणाल्या, "धुळ्याला धावपट्टी आहे. परवानगी मागून बघते. येता?"

सुंदराबाईंचा नवरा लोटू लूमवर कामाला होता. तो म्हणाला, आपला रेल्वेवर भरवसा आहे. ठरलेल्या दिवशी पहाटेच तो उज्ज्वलाला घेऊन भुसावळ पॅसेंजरमध्ये बसला. सुंदराबाई नवी नऊवारी नेसून, डब्यात लाडू घेऊन मगदल्ल्याला आल्या. विमानात बसण्याआधी त्यांनी पंखावर बोट फिरवून आपल्या गाठी तपासल्या.

चाकं सुटली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. बारडोलीवर आल्यावर उघडले. उसाची हिरवी शेतं, मग व्यारा, मग उकाईचं लांबच लांब पाणी.

"भीती वाटते का?" मृणालबाईंनी मोठ्याने विचारलं.

"नही वं बाई. घरं इतली धाकली दखाय राहिनात," सुंदराबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या. खालची घरं खरंच एवढीशी दिसत होती.

नवापूरच्या पुढे, डोंगर ओसरल्यावर, रुळांवर एक गाडी दिसली. मुंगीसारखी चालली होती. मृणालबाईंनी हाताने दाखवलं.

"मन्हा मालक त्या गाडीमा शे?"

"असावा."

सुंदराबाई पोट धरून हसायला लागल्या. मृणालबाईंनी टिटवी पंखावर तिरकी केली आणि आकाशातच त्या गाडीला एक मोठा वळसा घातला. सुंदराबाईंचा पदर सुटून इंजिनाच्या काट्यांवर आला, तो त्यांनी ओढून कमरेला खोचला.

"आखो एकदाव फिरवा ना, बाई."

मृणालबाईंनी फिरवलं. मग तिसऱ्यांदाही फिरवलं, ते कोणी न सांगता.

धुळ्याला किसन त्याच्या साहेबाची जीप घेऊन आला होता. विमानातून आपली बहीण उतरते आहे हे बघून तो आधी विमानाच्या पाया पडला, मग बहिणीच्या. गावात पोचल्यावर पूजा, नैवेद्य, पंगत, सगळं झालं. बायका सुंदराबाईंना वरून काय काय दिसलं ते विचारत होत्या आणि त्या दर वेळी गोष्ट थोडी लांबवत होत्या. पंगत उठली तेव्हा लोटू उज्ज्वलाचा हात धरून, कपाळावरचा घाम पुसत अंगणात आला. बायकोला विडा चघळताना बघून तो दारातच थांबला.

"तुमी जेवी बी ग्यात?"

"कवयच," सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्यासाठी ताट वाढायला घेतलं.

त्या दोन दिवस माहेरी राहणार होत्या. त्यामुळे परतीला मृणालबाई एकट्याच होत्या. बाजूची जागा रिकामी, टिटवी हलकी, आणि सूर्य समोर. त्यांनी जोर वाढवला. खालचा सगळा प्रदेश पिवळा झाला होता आणि तापी मधूनमधून चकाकत होती. शाळा, उद्याचा सातवीचा पेपर, घरातलं संपलेलं पीठ, यातलं काहीही डोक्यात नव्हतं. काड्यांचा आणि कापडाचा आपला एक पक्षी, त्याच्या पोटात आपण, आणि अंगाखालून सपाट्याने मागे पडणारी जमीन, एवढंच होतं. त्या गाणं म्हणत होत्या. इंजिनाच्या आवाजात ते त्यांनाही ऐकू येत नव्हतं.

मगदल्ल्याला आडवा वारा सुटला होता. जयंतराव धावपट्टीच्या कडेला हात पाठीमागे बांधून उभे होते. टिटवी टेकली, उसळली, पुन्हा हवेत गेली, आणि दुसऱ्यांदा धप्पकन बसून सरळ पळत गेली.

इंजिन बंद झाल्यावर जयंतराव जवळ आले. चेहरा गंभीर ठेवायचा ते कसोशीने प्रयत्न करत होते.

"उडी मारलीस."

"मारली," मृणालबाई पट्टा सोडत म्हणाल्या. "आडवा वारा होता."

"मी काय म्हणतो, अजून अर्धा तास उजेड आहे. तू जीपमध्ये बसून माझे पाय बघ."

मृणालबाई खाली उतरल्या, नवऱ्याला हात देऊन पंखावर चढवलं आणि जीपकडे न जाता शेजारच्या बैठकीत पुन्हा शिरल्या.