परसोंची खिडकी

बाळांनो, जामबागचं आपलं घर विकलं, हे तुम्हाला कळलंच आहे. ते विकणाऱ्या दलालाविषयी आत्ताच लिहिते, कारण हल्ली मी विसरते.

फोटो काढण्याआधी तो स्वतःच्या रुमालाने फरशी पुसायचा आणि माझ्या प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर ठेवायचा. "अम्मा, घर शरमाता इनसे." जाहिरातीत त्याने आपणहून लिहिलं होतं, "तोडनेवाले नक्को." त्यामुळे बिल्डर आले नाहीत, आणि बरेच दिवस दुसरंही कुणी आलं नाही.

मग पुण्याचं एक जोडपं आलं. त्यांना जुनंच घर हवं होतं. रंगीत काचांच्या खिडकीला हात लावून बाईंनी विचारलं, "ही कधीची?"

"परसों की, मॅडम," तो अभिमानाने म्हणाला.

नवी खिडकी जुनी म्हणून खपवतात असं वाटून दोघं चपला घालू लागली. मी घाईने म्हणाले, "अहो, हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. माझ्या सासऱ्यांचं लग्नसुद्धा परसोंच झालं!"

"वोहीच तो बोला मैं," तो म्हणाला.

बाई हसल्या आणि त्यांनी चपला पुन्हा काढल्या. घर त्यांनीच घेतलं.

ते पाडलेलं नाही. संध्याकाळी तिथे दिवे लागतात.