दाराचाबी जीव आटतोय

आक्का बसली की हलायची नाही. आज हे मी कौतुकाने सांगतेय, तेव्हा मात्र कपाळाला हात लावून सांगायचे. आमच्या सोसायटीसमोरच्या उंबराखाली कांबळं टाकून ती एकदा बसली की मागून ट्रकने हॉर्न वाजवू दे नाहीतर पायावर मुंगळा चढू दे, बाई ढिम्म. एकदा तर एक कावळा येऊन तिच्या खांद्यावर टेकला, इकडेतिकडे पाहिलं आणि काहीतरी चुकल्यासारखा उडून गेला. आक्काने तंबाखूची चिमूट ओठाआड सरकवली आणि म्हणाली, "त्येलाबी वाटलं, खांब हाय."

आम्ही भुकूममध्ये नवे होतो. यांची अकोल्याहून पुण्याला बदली झाली, मंजूला, म्हणजे आमच्या लेकीला, जवळच्या माण गावातल्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि पौड रस्त्याच्या या नव्या सोसायटीत आम्ही तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. दोन हजार सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं ती. सोसायटीची सेक्रेटरी मी. कशी झाले? पहिल्या सभेत पंखा कमी करा म्हणायला मी हात वर केला, आणि अध्यक्ष म्हणाले, "वा! काळेबाई तयार आहेत." तिथून माझ्या डोक्यात वारं गेलं. मी 'सदर' आणि 'उपरोक्त' घातल्याशिवाय दूधवाल्याला चिठ्ठीसुद्धा लिहिनाशी झाले. अक्षर माझं देखणं, त्याचा गर्व तर विचारूच नका. विशेषतः माझा ळ. दोन गोल डोळे आणि खाली झोकदार वळलेली शेपटी. दारावरची 'काळे' ही पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली होती, आणि जाता-येता तिच्याकडे पाहून घेत होते.

अशा या भारदस्त बाईचं एक गुपित होतं. मंजूने कॉलेजात असताना टीव्हीला जोडायचा एक गेम घेतला होता. तेव्हाच तो जुनाट झाला होता. तिच्या ऑफिसातली मुलं त्याची चेष्टा करायची. त्यातल्या एका कॅसेटमध्ये भुयार होतं. चार गडी: कुऱ्हाडवाला, तलवारवाली, तिरकमठेवाला आणि लांब दाढीचा जादूगार. त्यातला एक एक निवडून दोघांनी भुयारात शिरायचं, भुतं मारायची, किल्ल्या शोधायच्या, दारं उघडत पुढच्या मजल्यावर जायचं. मी चारचौघांत म्हणायचे, "शी! काय ते टिकटिक टिकटिक." आणि घर रिकामं झालं की पडदे ओढून जादूगार घेऊन बसायचे. जादूगारच का? तर चौघांत तोच काय तो शिकलेला दिसत होता म्हणून.

एका दुपारी पडदा ओढायचा राहिला. खिडकीच्या गजांतून आवाज आला, "बाई, वाईच पानी द्या. आन ती भुतं कुनाची वो?"

दुपारी उन्हं तापली की आक्काची मेंढरं उंबराखाली बसायची आणि तेवढा वेळ ती मोकळी असायची. चाळीसेक जनावरं, त्यांत शेळ्याच जास्त. पण ती सगळ्यांना मेंढरंच म्हणायची. मी पाणी दिलं आणि गुपित फुटू नये म्हणून घाईघाईने तिला आत घेतलं. तिने चारही गडी निरखून पाहिले आणि कुऱ्हाडवाल्यावर बोट ठेवलं. तिच्या स्वतःच्या खांद्यालाही शेळ्यांना डहाळ्या तोडून घालायची कुऱ्हाड होतीच. "ह्यो आपला. बाकीची जत्रंला निगाल्यात."

गेममध्ये भुतांची खोपटी असत. त्यांतून भुतं भसाभसा बाहेर पडत. खोपटं फोडायचं, म्हणजे भुतं थांबतात. मी हे तिला तीनदा समजावलं. पण आक्काच्या लेखी तो मेंढरं कोंडायचा वाडा होता आणि भुतं म्हणजे मेंढरं. ती आपली कुऱ्हाडवाल्याला भुतांच्या मागे नेऊन त्यांना परत खोपटात घालायला बघायची. "र्रर्र... हाड! फिर मागं!" भुतं चावत होती, कुऱ्हाडवाला मरत होता, आणि ही म्हणत होती, "दुपारच्याला कुनी सोडली गं ही? ह्यांचा मालक कुटं हाय?" मी इतकी हसले की माझा जादूगारही मेला. तिच्या तोंडी मी 'तुमी'ची 'तू' त्याच दुपारी झाले.

मग रोजचंच झालं. तिला वाचता येत नव्हतं, आकडेही नीट येत नव्हते, पण नियम तिचे होते. भुयारात जेवणाची ताटं ठेवलेली असत. ती खाल्ली की गड्याचा जीव वाढतो. एकदा घाईत माझ्या जादूगाराचा आगीचा गोळा ताटावर बसला आणि ताट नाहीसं झालं. आक्काने रिमोट खाली ठेवला. "अन्नाला मारलंस?" मी म्हटलं, "अहो, खोटं आहे ते." "खोट्या अन्नाला मारतीस, मग खऱ्याला काय करशील?" त्या दिवशी ती पुन्हा खेळली नाही.

दुसरा नियम तिने गेमकडूनच घेतला. दोन गड्यांतला एक मागे राहिला की चित्र पुढे सरकत नसे. मी सदा किल्लीवर डोळा ठेवून पुढे धावणार आणि पडद्याच्या कडेला आपटत राहणार. आक्का आपली भिंतीभिंतीने येणार. "आक्का, चला ना लवकर!" "मी हाय हितं म्हनूनच तू तितं आपटतीस. न्हाईतर कवाच मेली असतीस." हिशेब बरोबर होता. एकटी खेळताना मी तिसऱ्या मजल्यापुढे कधी गेले नव्हते. तिच्यासोबत बारावा गाठला.

त्या बाराव्या मजल्यावर आम्ही अडकलो. चारी बाजूंना दारं आणि किल्ली एकही नाही. या गेममध्ये स्वस्थ उभं राहिलं तरी गड्याचा जीव एकेक आकड्याने कमी होत जातो. मी घाबरून सगळी बटणं दाबत सुटले. आक्काने माझा हात धरून रिमोट काढून घेतला, दोन्ही रिमोट मांडीवर ठेवले आणि बसली. हो, तीच तिची बसणी.

"आक्का, जीव आटतोय आपला!"

"आटू दे. दाराचाबी आटतोय."

मी मनात म्हटलं, अडाणी ती अडाणीच. दाराला कुठला जीव? आकडा पाचशेवरून दोनशेवर आला. मी उठून चहा टाकला, बाहेर येऊन बघते तर खाडकन आवाज झाला आणि चारही दारं आपोआप उघडली. मंजूने संध्याकाळी सांगितलं की गेम बनवणाऱ्यांनी तशी सोयच ठेवलीय. कुणी अडकलं आणि बराच वेळ हललं नाही, की दारं उघडतात. इतकी वर्षं खेळून हे मंजूला माहीत होतं आणि मला नव्हतं, कारण मी कधी स्वस्थ उभीच राहिले नव्हते.

आता माझ्या थोरवीचा खरा किस्सा. सोसायटीच्या पुढच्या फाटकातून शिरून, दोन इमारतींमधून मागच्या ओढ्यावर जाणारी वाट जुनी होती; इमारती कालच्या. आक्काची जनावरं रोज त्या वाटेने पाण्यावर जायची. उन्हाळ्यात जवळपास दुसरं पाणी नव्हतं. दुसरी वाट पौड रस्त्यावरून, आणि तिथे आदल्या वर्षी तिची दोन करडं ट्रकखाली गेली होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी सभेत ठराव झाला: लेंड्या पडतात, मागच्या बाजूला फाटक बसवून कुलूप घाला. किल्ली सेक्रेटरीकडे. सूचना सेक्रेटरीने लिहावी. आणि या काळेबाईंनी, देवा, किती सुंदर अक्षरात लिहिली! 'सदर आवारातून कोणत्याही वेळी शेळ्या-मेंढ्या नेण्यास सक्त मनाई आहे.'

मी ती पुढच्या फाटकावर चिकटवत होते, तेवढ्यात आक्का आली. "काय लिवलंस गं?"

मला खरं सांगता आलं नाही. मी म्हटलं, "फरशी ओली असते, जपून चाला."

"ब्येस लिवलंस," आक्का म्हणाली आणि शेळ्यांकडे वळली. "ऐकलं न्हवं गं? जपून चाला."

दुसऱ्या दिवशी मागच्या फाटकाला कुलूप पडलं. दुपारी ती खेळायला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली आणि माझ्या पाटीवरच्या ळ वर बोट ठेवलं.

"ह्यो चष्मेवाला तुज्या दारावर हाय. तितल्या कागदावरबी दोन जागी हाय, अशीच शेपूट वळीवल्याला."

मी पदराने पाटी पुसू लागले.

"मला मेंढराचं त्वांड वळखू येतंय, अक्षराचं न्हाई येनार व्हय? वॉचमनकडनं वाचून घेतलं म्या."

"आक्का, तो ठराव होता..."

"ठराव म्हंजी काय?"

"म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं."

"सगळ्यांत मी व्हती का?"

ती पाठ फिरवून गेली. त्या दुपारी मी जादूगार घेऊन बसले आणि पहिल्याच मजल्यावर मेले.

सोमवारी सकाळी माणला जाणाऱ्या गाड्यांसाठी पुढचं फाटक उघडलं आणि आक्का मेंढरं घेऊन आत आली. मागच्या फाटकापर्यंत गेली, कुलूप बघितलं आणि तिथेच कांबळं टाकून बसली. चाळीस जनावरं तिच्यापासून थेट पुढच्या फाटकापर्यंत पसरली. कुणी रवंथ करतंय, कुणी अध्यक्षांच्या गाडीच्या आरशात स्वतःला बघतंय. गाडी एक हलेना. हॉर्न, आरडाओरडा. वॉचमन काठी आपटून दमला. "मॅडम, ये तो हिलती ही नहीं!" तिच्या आवाजाशिवाय जनावरं उठत नव्हती, आणि ती तर तोंडच उघडत नव्हती.

अध्यक्ष टाय सावरत माझ्या दारात आले. "काळेबाई, तुम्ही सेक्रेटरी आहात. उठवा त्या बाईला!"

मी किल्ली कमरेला खोचून ताठ मानेने निघाले. लेंड्या चुकवत तिच्यापर्यंत पोचले. तिने वर पाहिलं. रागाने नाही, पत्ते पिसताना समोरच्याकडे पाहावं तसं.

"आज कुटला गडी घेतीस?" ती म्हणाली.

आयुष्यात मी बराच मूर्खपणा विचार करून केलाय. हे शहाणपण मात्र विचार न करता केलं. मी इस्त्रीची साडी सावरली आणि तिच्या कांबळ्यावर बसले. तिने जरा सरकून जागा दिली. ती सरकलेली मी पाहिलेली तेवढी एकच वेळ.

"काळेबाई!" अध्यक्षांचा आवाज चिरकला. "हे काय?"

"बसलेय."

पंधरा मिनिटं गेली. माणच्या मंडळींचे फोन वाजू लागले. कुणाची मीटिंग, कुणाचा साहेब. मंजूही त्यातच होती. ती गाडीतून उतरली, माझ्याकडे बघून हसू दाबत पायी रस्त्याकडे गेली. मी कुजबुजले, "आक्का, माझा जीव आटतोय."

"त्यो बघ," ती अध्यक्षांकडे हनुवटी करून म्हणाली. अध्यक्षांनी तेवढ्यात चौथ्यांदा घड्याळ पाहिलं होतं.

शेवटी तेच म्हणाले, "बरं बाई, उघडा ते फाटक. आजच्यापुरतं."

सेक्रेटरीपणाचा मी त्या दिवशी पहिल्यांदा नि शेवटचा उपयोग केला. म्हटलं, "लेखी द्या."

"काय?"

"मागचं फाटक रोज दिवसा उघडं राहील, असं लेखी. आणि आजच्यापुरतं नाही."

कागद कुणाकडे नव्हता. मग वॉचमनने माझीच ती सुंदर सूचना काढून आणली. अध्यक्षांनी ती गाडीच्या टपावर उलटी ठेवली आणि पेन उघडून घुश्शात विचारलं, "'सदर' लिहायचं?"

"नको. सरळ लिहा."

त्यांनी लिहिलं, सही केली, उभ्या असलेल्या आणखी सातजणांनी केली. मी कुलूप काढलं. आक्का उठली, "हुर्र्या!" केलं आणि चाळीस जनावरं ओढ्यावर गेली. जाताना तिने शेळ्यांना बजावलं, "जपून चाला गं. फरशी वली अस्ती." ते मला होतं.

पुढच्या सभेत माझं सेक्रेटरीपद गेलं. फार बरं झालं; दुपारी खेळायला वेळ मिळू लागला.

वर्षं गेली. आजूबाजूच्या टेकड्यांना तारा पडल्या. आक्काचा थोरला डोंगरातल्या लवासाच्या बांधकामावर मजुरीला जाऊ लागला, आणि चाळीस जनावरांची एकोणीस झाली, मग सहा. आक्काचे गुडघे गेले. ती वाडीतून खाली येईनाशी झाली, तेव्हा एक दिवस मी गेम पिशवीत घालून टेकडी चढून तिच्याकडे गेले. सुनेने टीव्ही पुसून ठेवला, मी वायरी जोडल्या आणि लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. आम्ही दोघी हातात रिमोट घेऊन काळ्या पडद्यापुढे बसलो. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. लाईट आली नाही. मी निघाले तेव्हा आक्का म्हणाली, "आज हलली न्हाईस गं तू." एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला कुठल्या सभेने दिलं नाही. त्यानंतर महिनाभराने सून सहा शेळ्या घेऊन फाटकाशी आली. तिच्या खांद्यावर आक्काचं कांबळं का आणि तिचे डोळे लाल का, ते मला विचारावं लागलं नाही.

आता नवीन कमिटीने ठरवलंय की मागच्या बाजूला कार्डवालं फाटक बसवायचं. सुनेच्या शेळ्यांना कार्ड मिळणार का, हे मी सभेत विचारलं, लोक हसले. काल फाटकवाले मोजमापं घ्यायला आले. मी सह्यांचा तो जुना कागद, आता लॅमिनेट केलेला, मांडीवर ठेवून, बरोबर वाटेत खुर्ची टाकून बसले. नवीन अध्यक्ष तरुण आहेत, गोड बोलतात. "आजी, जरा सरकता का? पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "तुम्ही करा की तुमचं काम. मी बसलेय."

ऊन चढलं. मंजूची लेक पाण्याची बाटली घेऊन आली. "आजी, तू दमली नाहीस?"

"दमले की," मी म्हटलं. "पण तो बघ. किती वेळा घड्याळ बघतोय, मोज."