जपानच्या गोष्टीतला राहिलेला भाग

माझी जपानची गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या ओळखीत सापडायचा नाही. अबुधाबीत कुणाकडे गणपती असो की वाढदिवस, जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, अरे, ती चड्डीची गोष्ट होऊन जाऊ दे! मग मी सुरू. गरम पाण्याच्या कुंडात तिथले पुरुष उघडेच उतरतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी आपला पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून, गिरगाव चौपाटीवर आल्यासारखा पाण्यात शिरलो. हशा हमखास. पण त्या गोष्टीतला एक भाग मी कायम गाळत आलो. तो मी कुणालाही सांगितलेला नाही — म्हणजे एका व्यक्तीला तो न सांगता कळला होता, पण तिनेही कधी तोंडातून काढला नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

ती व्यक्ती म्हणजे वृंदा. माझी बायको.

आम्ही अबुधाबीला गेलो तेव्हा ती चांगली धडधाकट होती. मुलगी शाळेत जायला लागली आणि वृंदाला संधिवाताने धरलं. साधा नव्हे — बोटं वाकडी करणारा. हात खांद्याच्या वर जाईना. मग रोज सकाळी ऑफिसच्या आधी तिला आंघोळ मी घालायचो. पाठ चोळायची, ब्लाऊजचे हुक लावायचे, वेणी घालायची. सगळीकडे माझं कौतुक व्हायचं, नवरा असावा तर असा! ते कौतुक मला आवडायचं, हेही सांगून टाकतो. पण मी ते काम कसं करायचो, हे कुणी पाहिलं होतं? घड्याळाकडे बघत. पाणी भसाभस ओतायचो. वेणी घालताना केस ओढले जायचे. ती फक्त मान ताठ करायची. एकदा म्हणाली, ‘अहो, जरा हळू.’ मी कंगवा बेसिनमध्ये टाकला आणि बाहेर निघून गेलो. त्यानंतर तिने पुन्हा तसं म्हटलं नाही.

वृंदा दापोलीकडची. लहानपणी आईबरोबर उन्हवऱ्याच्या गरम कुंडावर जायची, त्यामुळे गरम पाण्यावर तिची भारी श्रद्धा. आखातात उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला तरी टाकीतलं चटके देणारं पाणी येतं. त्यात हात धरून ती हसायची, ‘हेच आपलं जपान.’ जपान डोक्यात शिरलं ते माझ्या कंपनीमुळे. कंपनी जपानी, दरवर्षी कॅलेंडर द्यायची. एका वर्षीच्या जानेवारीच्या पानावर डोंगरातलं एक कुंड होतं — वाफा निघताहेत, भोवती बर्फ, आणि दोन बायका खांद्यापर्यंत पाण्यात निवांत बसलेल्या. वृंदाने ते पान वर्षभर उलटलंच नाही. मुलगी ओरडायची, ‘आई, इट्स ऑलरेडी जून!’ तारीख बघायला आम्ही बँकेचं कॅलेंडर लावलं होतं. पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंनाही वृंदा ते पान दाखवायची. मला एकदा म्हणाली, ‘बाहेर बर्फ आणि आत ऊब. असल्या पाण्यात माझी बोटं सुटतील का हो?’ मी पेपर वाचत होतो. सुटतील की, म्हणालो.

त्याच वर्षाच्या शेवटी आमच्या मॅनेजरांनी, हायाशीसाहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. जपानला ट्रेनिंग होतं. ते संपल्यावर चार दिवस गरम पाण्याच्या एका गावात मुक्काम. बायकोला घेऊन ये, म्हणाले, माझीही असेल, सगळं कंपनीतर्फे. आणि मी — केबिनचं दार उघडून बाहेर पडायच्या आतच — म्हणालो, सर, तिच्या डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली आहे. संध्याकाळी घरी वृंदाला सांगितलं, फक्त स्टाफला नेताहेत, फॅमिली नाही.

का? पैशांचा प्रश्न नव्हता. तिची लाज वाटली का? थोडी वाटली असेल. त्या वाकड्या बोटांनी काड्या धरून ती साहेबांसमोर कशी जेवेल, हे डोळ्यांपुढे आलं होतं. पण खरं कारण ते नव्हे. मला काही सकाळी अशा हव्या होत्या की न्हाणीघरात स्टुलावर बसून कुणी माझी वाट बघत नसेल. बस, एवढंच. थकलो होतो असं म्हणू? थकली तर ती होती.

ते गाव अगदी कॅलेंडरसारखं होतं. रस्त्याकडेच्या गटारातूनही वाफा निघत होत्या, आणि लोक सुती झगे घालून लाकडी खडावा वाजवत एका कुंडावरून दुसऱ्या कुंडाकडे चालले होते. माझ्या चड्डीचा प्रकार पहिल्याच संध्याकाळी झाला. मग हायाशीसाहेबांनी मला सगळी रीत शिकवली. आधी बुटक्या स्टुलावर बसायचं, लाकडी बादलीने अंगावर पाणी घेऊन स्वच्छ आंघोळ करायची, आणि मगच कुंडात उतरायचं. आणखी एक रीत — हाताखालच्या माणसाने वरिष्ठाची पाठ चोळून द्यायची. मान असतो तो. त्यांनी पाठ माझ्याकडे केली.

मी ती पाठ चोळली. मानेपासून कंबरेपर्यंत, सावकाश, गोल गोल. पाणी ओतायच्या आधी मनगटावर घेऊन बघितलं, फार कढत तर नाही ना. मला कसलीच घाई नव्हती. साहेब डोळे मिटून म्हणाले, ‘गुड हँड्स. युवर वाइफ, लकी.’

मी हसलो. बाहेर बर्फ पडत होता. त्या क्षणी मला काही टोचलं का? तुम्हाला वाटेल, टोचलं असणार. नाही. मी मजेत होतो.

परत आल्यावर वृंदाने पहिला प्रश्न विचारला, बर्फ होता का? मी म्हणालो, छे गं, कॅलेंडरवरचं सगळं खोटं असतं. नुसतं गरम पाणी, त्यालाही गंधकाचा वास. तुझं उन्हवरे बरं. ती हसली. मी तिला बर्फसुद्धा दिला नाही — द्यायला काय लागत होतं?

पुढच्या हिवाळ्यात कंपनीची पिकनिक निघाली. रास-अल-खैमाच्या डोंगराजवळ खत नावाचं गाव आहे, तिथे गरम झरे आहेत. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. मी खूप आढेवेढे घेतले. गर्दी असते, पाणी घाण असतं, लांब आहे. वृंदा कुठली ऐकतेय? तिने आदल्या दिवशीच गाऊन, टॉवेल, बटाट्याची भाजी, पोळ्या, सगळं बांधून ठेवलं होतं.

गाडीतून उतरतोय तोच हायाशीसाहेबांच्या पत्नी समोर आल्या. कमरेत वाकल्या. वृंदाचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, ‘लास्ट इयर, व्हेरी सॉरी. वी वेट फॉर यू. रूम रेडी. बट डॉक्टर से नो ट्रॅव्हल. नाउ ओके?’

वृंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. तीही थोडी वाकली. मग म्हणाली, ‘येस, येस. माय डॉक्टर इज व्हेरी स्ट्रिक्ट. नाउ बेटर.’

आणि जेवणाची पिशवी माझ्या हातात देऊन ती त्यांच्याबरोबर बायकांच्या बाजूला निघून गेली. मी पुरुषांच्या बाजूला पाण्यात बसून, आता गाडीत तिला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत राहिलो. चांगली तीन-चार उत्तरं तयार केली. त्यातलं एकही लागलं नाही. परतीच्या वाटेवर मुलगी मागे झोपली, आणि वाळवंट मागे पडत असताना वृंदा एकदाच बोलली, ‘त्या बाईंनी माझी पाठ चोळून दिली. मी न सांगता. किती हळू हो.’

 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे बादली भरली. तिने दोन्ही तळव्यांत धरून माझ्या हातातला मग काढून घेतला. म्हणाली, ‘राहू दे. तुम्हाला उशीर होतो. मी करीन माझं माझं.’ आणि आतून कडी लावली.

ती कडी मग कायमची. तिने केस कापून टाकले, म्हणजे वेणीचा प्रश्न मिटला. हुकांचे ब्लाऊज गेले, ढगळ कुडते आले. लोक म्हणाले, वहिनी मॉडर्न झाल्या! मीही म्हणालो, छान दिसतं. नवं कॅलेंडर आलं, त्याची पानं ती वेळच्या वेळी उलटू लागली. चड्डीची गोष्ट मी सांगत होतोच. वृंदा समोर बसून सगळ्यांबरोबर हसायची. एखादे वेळी मी काही विसरलो तर आठवणही करायची, ‘अहो, खांद्यावरच्या टॉवेलचं राहिलं.’

तिच्या आंघोळीला तास लागायचा. बंद दाराआडून प्लास्टिकचा मग हातातून निसटून पडल्याचा आवाज यायचा. मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा पाणी. मी दाराबाहेर असायचो. उघड, मी देतो चोळून — एवढंच म्हणायचं होतं. वर्षानुवर्षं म्हणालो नाही.

वृंदा आता नाही. तिच्याशी खोटं बोललो, हीच माझी चूक असं तुम्हाला वाटत असेल. मीही बरेच दिवस स्वतःला तेवढंच सांगत होतो. पण त्या पहिल्या दिवशी, आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा मला हायसं वाटलं. मी चहा ओतून घेतला, खुर्चीत बसून सावकाश प्यायलो, आणि त्या दिवशी ऑफिसला वेळेवर पोचलो.